चौदा आणे दुखणे : खेड्यातील एका कर्करोगी रुग्णाचे प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी गेली सव्वीस वर्षे बारा खाटांचा दवाखाना चालवतो. या प्रकरणातील रुग्णाचे नाव, गाव आणि ओळख पटेल असा तपशील कुटुंबाशी बोलून वगळला आहे. औषधांच्या मात्रा आणि माझ्या हातून झालेला उशीर मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. तो उशीर अठरा दिवसांचा होता. अठरा दिवस एका माणसाला असह्य वेदना होत्या, त्या कमी करणारे मॉर्फीन हे अफूपासून बनणारे औषध जगात उपलब्ध होते, त्याचे नाव मला ठाऊक होते, आणि तरीही मी ते लिहून दिले नाही. असे का झाले, हे नीट तपासून पाहावे म्हणून हे लिहीत आहे.

रुग्ण अठ्ठावन्न वर्षांचे कास्तकार, चार एकर कोरडवाहू वावर, वजन चव्वेचाळीस किलो. तीस वर्षे खर्ऱ्याची सवय. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, की सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोटून केलेला हा प्रकार आमच्याकडे पानठेल्यावर मिळतो आणि वावरात काम करताना तासन् तास गालात धरला जातो. डाव्या गालफडाचा कर्करोग, नागपूरला सरकारी योजनेतून शस्त्रक्रिया, त्यानंतर तेहतीस दिवसांचा शेक, म्हणजे किरणोपचार, आणि आठ महिन्यांनी त्याच जागी पुन्हा गाठ. या वेळी जबड्याचे हाड आणि कानाखालचा भाग गाठीत सापडला होता. "आता घरी न्या, सेवा करा," असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. कागदावर वेदनेसाठी ट्रॅमाडॉल पन्नास मिलिग्रॅमची गोळी लिहिलेली होती, आणि पुढे "दुखेल तेव्हा" एवढेच.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, कापसाची वेचणी जोरात असताना, मुलाने त्यांना माझ्याकडे आणले. तोंड जेमतेम एक बोट उघडत होते. गालावर बाहेरून जखम फुटली होती व तिला दर्प होता. ते बाकावर बसले नाहीत. भिंतीला उजवा खांदा टेकवून, डावा तळहात कानाशी धरून उभे राहिले, कारण बसताना बसणारा हिसकाही कानात जात होता. वेदना शून्य ते दहामध्ये किती, हा प्रश्न मी विचारला तेव्हा त्यांनी मुलाकडे पाहिले. मग मी विचारले, "सोळा आण्यात किती दुखते?" त्यावर ते लगेच म्हणाले, "चौदा आणे. रातच्याले पुरे सोळा. कानात कोनी इंगळ ठेवल्यावानी."

त्या दिवसापासून मी जे केले ते आमच्या भागातील बहुतेक डॉक्टर करतील तेच होते. ट्रॅमाडॉल दिवसातून दोन वेळा केले, म्हणजे दिवसाला शंभर मिलिग्रॅम; या औषधाची प्रौढ माणसासाठीची कमाल मर्यादा चारशेची आहे, हे माहीत असूनही त्यापुढे गेलो नाही. सोबत डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे पंचाहत्तर मिलिग्रॅमचे इंजेक्शन रोज एक. आणि बी-कॉम्प्लेक्स, आणि दोनदा सलाईन. इंजेक्शन दिले की तीन-चार तास ते आठ आण्यांवर येत, आणि संध्याकाळी मुलगा पुन्हा मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन येई. चौदा किलोमीटरचा कच्चा रस्ता. काही वेळा तो त्यांना न आणता एकटाच येऊन म्हणे, "सर, इंजिशन लिहून द्या, गावातल्या कंपाउंडरच्या हातून देतो." मी लिहून देत असे.

सतराव्या दिवशी त्यांच्या पायावर सूज दिसली म्हणून रक्त तपासले. मूत्रपिंड मंदावले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन १.९ होते, नागपूरहून सुट्टी देतानाच्या कागदावर ते ०.९ होते. सुरक्षित म्हणून, विचार न करता, रोज दिलेल्या इंजेक्शनने मूत्रपिंडावर परिणाम केला होता. माझ्या हातून धोकादायक औषध दिले गेले होते आणि तसे करताना मला एकदाही भीती वाटली नव्हती. ज्या औषधाची भीती वाटत होती, ते त्यांना या मुक्कामापर्यंत मिळालेच नव्हते.

त्याच रात्री मी नागपूरला वेदनाशमन आणि परिहार सेवेचे, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करण्याचे, काम करणाऱ्या एका तरुण डॉक्टर बाईंना फोन केला. त्या माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि शेवटी एकच प्रश्न विचारला, "सर, मॉर्फीन कधी सुरू करायचं ठरवलंय?" मी म्हणालो, आमच्याकडे ते मिळत नाही. त्या म्हणाल्या, "मिळत नाही हे खरं आहे. पण मिळालं असतं तर दिलं असतं का?" मला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा पहाटेच्या एसटीने माझे पत्र आणि आधीचे सगळे कागद घेऊन नागपूरला गेला. मान्यताप्राप्त संस्थेतून, तिथल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, मॉर्फीनच्या दहा मिलिग्रॅमच्या साध्या गोळ्या दोन आठवड्यांपुरत्या मिळाल्या. परत येताना त्याने ते पाकीट बनियनच्या आत ठेवले होते, कारण रस्त्यात पोलिसांनी झडती घेतली तर काय, ही धास्ती त्याला कोणीतरी घातली होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार रुग्णाचे औषध त्याच्या घरी नेणे हा गुन्हा नाही, हे मी त्याला चिठ्ठीची प्रत हातात ठेवून दोनदा समजावले.

मात्रा ठरवताना मूत्रपिंडाचा विचार करावा लागला. मॉर्फीनचे यकृतात रूपांतर होते आणि त्यातून तयार होणारे घटक मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात; मूत्रपिंड मंदावले असेल तर ते साचतात आणि गुंगी वाढते. एरवी साधी गोळी दर चार तासांनी आणि झोपताना दुप्पट अशी देतात, म्हणजे मध्यरात्री उठवावे लागत नाही. आम्ही अर्धी गोळी, म्हणजे पाच मिलिग्रॅम, दर सहा तासांनी ठेवली. तोंड उघडत नव्हते म्हणून ती चमच्यात पाण्यात विरघळवून गालाच्या उजव्या बाजूने सोडायची. साध्या गोळीचे असे करता येते, बारा तास पुरणाऱ्या गोळीचे मुळीच करता येत नाही, कारण ती कुटली तर बारा तासांचे औषध एकदम अंगात जाते. डायक्लोफेनॅक आणि ट्रॅमाडॉल दोन्ही बंद केले. कानातल्या इंगळासाठी, म्हणजे मज्जातंतूच्या वेदनेसाठी, रात्री अमिट्रिप्टिलिन दहा मिलिग्रॅम दिले. आणि पहिल्या दिवसापासून बद्धकोष्ठाचे औषध, कारण मॉर्फीनची मळमळ काही दिवसांनी जाते पण बद्धकोष्ठ जात नाही. औषध नको म्हणून रुग्ण हात झटकतात ते बहुधा या एका त्रासामुळे, आणि तो आधीच अडवता येतो. जखमेचा दर्प मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून तिची पूड ड्रेसिंगवर टाकल्याने तीन दिवसांत कमी झाला.

मुलाने शाळेच्या जुन्या वहीत रेघा मारून चार रकाने केले: वेळ, गोळी, आणे, संडास. मोबाइलवर सहा, बारा, सहा, बारा असे गजर लावले.

चौथ्या रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. "सर, बाबा उठून नाही रायले." मी नॅलॉक्सोन या मॉर्फीनवरील उताऱ्याच्या दोन कुप्या खिशात टाकून निघालो. त्या चौदा किलोमीटरमध्ये माझ्या मनात रुग्ण नव्हता. दुसऱ्या दिवशी दवाखान्यासमोर जमणारे लोक होते, पोलीस पाटील होता, आणि गोळ्यांच्या पाकिटावरचे ते नाव होते. घरी पोचलो तेव्हा छपरीत बाजेवर ते उताणे झोपले होते आणि भोवती दहा-बारा माणसे उभी होती. मी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. तेरा. खांद्याला हात लावून हाक मारली तेव्हा त्यांनी डोळे उघडले, मला ओळखले आणि पाणी मागितले. बुबुळातील बाहुल्या बारीक होत्या, जशा मॉर्फीनवर असतातच. नॅलॉक्सोन देण्याचे कारण नव्हते. गुंगी वाढत जाते, हाकेला उत्तर येत नाही, आणि त्यानंतर श्वास मंदावतो. तोंडाने हळूहळू वाढवलेल्या मात्रेत हा क्रम सहसा चुकत नाही आणि म्हणूनच हाकेला उठणारा माणूस ही घरच्यांना समजेल अशी खूण आहे. ते बेशुद्ध नव्हते. पाच आठवड्यांची झोप एका रात्रीत आली होती. मी दोन वाजेपर्यंत तिथेच बसलो, बाराची गोळी पुढे ढकलली, पहाटे सहाला ती पुन्हा सुरू करण्यास सांगितले.

निघताना त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. त्यांचा स्वर तक्रारीचा नव्हता. त्या म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, हेच औषध आधी काहून नाही देल्लं?" मी त्यांना म्हणालो, "ताई, सांगतो कधीतरी." पुढचे सगळे त्या प्रश्नाचे उत्तर आहे, जे मी त्यांना त्या दिवशी देऊ शकलो नाही.

पहिले कारण शिक्षणाचे आहे. मी १९९० च्या दशकात एमबीबीएस झालो. मॉर्फीन मला शिकवले गेले ते अफूतील एक द्रव्य म्हणून, विषबाधेचे कारण म्हणून, आणि हृदयविकाराच्या झटक्यात शिरेतून द्यायचे औषध म्हणून. कर्करोगाच्या रुग्णाला तोंडाने किती द्यावे, कसे वाढवावे, हे कोणी खाटेपाशी उभे राहून दाखवले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने वेदनाशमनाची तीन पायऱ्यांची शिडी, म्हणजे वेदना वाढेल तसे अधिक जोरदार औषध, १९८६ मध्ये मांडली, म्हणजे मी महाविद्यालयात पाऊल ठेवण्याआधीच. तिची आकृती मी परीक्षेत काढली होती. पण ज्या औषधाला हात लावलेला नाही त्याची आकृती काढता येण्याने हात वळत नाही. अनोळखी औषधाला डॉक्टर "धोकादायक" म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्यांना "अनोळखी" एवढेच म्हणायचे असते.

दुसरे कारण कायद्याचे, आणि त्याचा खरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे जितका ऐकीव भाग. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात किमान दहा वर्षांची शिक्षा होती, आणि मॉर्फीन ठेवायचे तर वेगवेगळ्या खात्यांचे वेगवेगळे परवाने लागत; एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. रुग्णालयांनी औषध ठेवणेच सोडून दिले आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातील मॉर्फीनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. आणि हे अशा देशात, जिथे आमच्या शेजारच्या मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफू पिकते आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. वास्तविक त्याच कायद्याच्या आठव्या कलमात मनाई सांगताना वैद्यकीय आणि शास्त्रीय हेतूचा अपवाद स्पष्ट लिहिलेला आहे. २००१ मध्ये शिक्षा मात्रेप्रमाणे ठरू लागली. २०१४ च्या दुरुस्तीने "अत्यावश्यक अमली औषधे" असा वर्ग निर्माण केला, मॉर्फीन त्यात आले, आणि २०१५ च्या नियमांनी अनेक परवान्यांच्या जागी राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एकच मान्यता आणली. प्रशिक्षित डॉक्टर आणि साठ्याची नोंदवही या तिच्या मुख्य अटी. केरळमध्ये परिहार सेवेचे काम करणारे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बदलासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. मला हे सगळे त्या अठरा दिवसांनंतर कळले. माझ्या डोक्यात १९८५ चाच कायदा होता.

तो डोक्यात राहण्यालाही कारण आहे. २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल या कायद्याखाली आले, तेव्हा आमच्या गावातील मेडिकलवाल्यांनी ते ठेवणे जवळपास थांबवले. त्याच सुमारास शेजारच्या तालुक्यातील एका डॉक्टरांच्या नोंदवहीत चाळीस गोळ्यांचा मेळ लागला नाही म्हणून त्यांना तीन महिने कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. शेवटी काही निघाले नाही. नर्सने एका पानाची बेरीज चुकवली होती. पण आमच्या बैठकीत त्या तीन महिन्यांची गोष्ट सगळ्यांनी ऐकली, आणि शेवटी काही निघाले नाही हे थोड्यांनीच ऐकले.

व्यसनाची भीती मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो, आणि तिला सरसकट खोटे म्हणण्यास तयार नाही. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाची नशा करणारी तरुण पोरे मी आमच्या तालुक्यात पाहिली आहेत. अमेरिकेत १९९० च्या दशकानंतर जुनाट पाठदुखी-गुडघेदुखीसाठी अफूवर्गीय गोळ्या मुक्तहस्ते लिहिल्या गेल्या आणि त्याची किंमत त्या समाजाने मोजली. तीस वर्षांचा मजूर कंबरदुखीसाठी जोरदार गोळी मागतो तेव्हा मी आजही हात आखडता घेतो, आणि ते बरोबर आहे असे माझे मत आहे. चूक तिथे होते जिथे त्या मजुरासाठी जपलेला संकोच गाठ कानापर्यंत गेलेल्या माणसालाही लागू केला जातो. शरीराला औषधाची सवय होणे, तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागणे आणि व्यसन लागणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन मॉर्फीनवर अपेक्षितच असतात आणि सांभाळता येतात. अमेरिका आणि भारत या दोन्ही देशांचे प्रश्न एकमेकांच्या उलट आहेत. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने मांडलेल्या हिशेबानुसार भारतात गरजेच्या सुमारे ४ टक्केच अफूवर्गीय औषधे पोचत होती.

मृत्यूचा आळ येण्याची भीती ही खेड्यातील डॉक्टरची खास भीती आहे. शहरात रुग्ण दगावला तर तो रुग्णालयात दगावतो. इथे तो अमुक डॉक्टरच्या हातून दगावतो. मरणारच असलेल्या माणसाला मी शेवटची गोळी दिली आणि तो तासाभरात गेला, तर गोळीने गेला असेच गाव म्हणेल, हा हिशेब प्रत्येक डॉक्टर मनात करतो. घरचे लोकही मॉर्फीनचे नाव ऐकले की आता सगळे संपले असे समजतात, म्हणून ते शेवटपर्यंत ढकलले जाते. शेवटी ढकलले गेल्यामुळे ते देताच माणूस जातो. आणि ते दिल्याने माणूस जातो ही समजूत आणखी घट्ट होते. या फेऱ्यातून बाहेर पडण्याचा मार्ग मला त्या घरात दिसला, तो असा, की पहिली मात्रा देण्याआधी चार जाणत्या नातेवाइकांना बसवून आजार कुठवर गेला आहे आणि गोळी कशासाठी आहे हे स्पष्ट सांगायचे. मी ते सांगितले होते म्हणूनच चौथ्या रात्री दहा-बारा माणसे शांत उभी होती.

या सगळ्यांखाली आणखी एक गोष्ट आहे, जी मला जुना केसपेपर चाळताना दिसली. अठरा दिवसांत मी त्यांचा रक्तदाब अकरा वेळा लिहिला होता, साखर दोनदा, वजन तीनदा. वेदनेविषयी पहिल्या दिवशी "वेदना आहे" एवढा शेरा आणि त्यानंतर काही नाही. त्यांनी सांगितलेले चौदा आणे मी कुठेच लिहिले नव्हते. मॉर्फीनची एक गोळी कमी पडली तर मला जाब विचारणारी यंत्रणा आहे. माणूस पाच आठवडे झोपला नाही याचा जाब विचारणारी नाही. डायक्लोफेनॅकच्या अठरा इंजेक्शनांना नोंदवही लागली नाही, म्हणून ती मला निरुपद्रवी वाटली. ज्या धोक्याचा हिशेब द्यावा लागतो तोच मी तोलत होतो. माझ्या मते डॉक्टरांच्या संकोचाचे मूळ इथे आहे. कायदा, व्यसन, श्वास ही सगळी कारणे खरी आहेत, पण रुग्णाची वेदनाही त्याच तराजूत कुठेतरी लिहिलेली असती तर ती कारणे इतकी जड झाली नसती.

रुग्ण त्यानंतर सात आठवडे जगले. डायक्लोफेनॅक थांबवल्यावर क्रिएटिनिन १.१ पर्यंत उतरले. मात्रा वाढत जाऊन दर सहा तासांनी दहा मिलिग्रॅम झाली आणि तिथेच राहिली. वहीच्या तिसऱ्या रकान्यात डिसेंबरभर चार आणे, पाच आणे, चार आणे असे लिहिलेले आहे. एका दिवशी तिथे आकडा नसून "बंडीत बसून वावरात गेले" असे आहे. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, दोन दिवस काही न घेता, ते पहाटे घरीच वारले. आदल्या रात्रीची गोळी त्यांना दिली गेली होती. गावात कोणी काही म्हणाले नाही.

तेराव्यानंतर मुलगा दवाखान्यात आला. त्याच्या हातात ती वही आणि बिस्किटाचा एक जुना डबा होता, त्यात उरलेल्या एकतीस गोळ्या. वहीतील बेरजेशी त्या जुळत होत्या. त्याने येण्याआधी दोनदा मोजल्या होत्या. त्या नागपूरच्या संस्थेत परत करून पोच घ्यायची होती, आणि या वेळी एसटीत बसून मी स्वतः गेलो, कारण मान्यतेचा अर्ज आणि प्रशिक्षणाची तारीखही विचारायची होती. डबा मी पिशवीत वरच ठेवला होता.